बाभळीचं वल्हं

मित्रांनो, मी एक वल्हं आहे आणि आजवर मी पाणी पाहिलेलं नाही. हसा, खुशाल हसा. घाटनांदूरकडच्या एका गावात शेळ्यांच्या वाड्याच्या दाराला मला आडवं लावलेलं असतं. वर्षभर माझं काम शेळ्या अडवायचं. नवरात्रात मात्र समुद्र आणायचं.

आमच्याकडे समुद्र नाही, पण समुद्राची गाणी विचारू नका! हळद असो, वरात असो, शाळेचं गॅदरिंग असो, स्पीकरवर नाखवा आणि त्याची होडी यायलाच पाहिजे. अशाच एका नवरात्रात बचत गटाच्या बायकांनी कोळीनाच बसवायचं ठरवलं. पण नाखवा कोण होणार? कमरेला रुमाल गुंडाळून, गुडघे उघडे टाकून चौकात नाचायला एकही पुरुष तयार होईना. मिशांना पीळ देणारे सगळे खाली माना घालून बसले. तेव्हा शेळ्या राखणारी भामाबाई म्हणाली, "मी व्हते नाखवा. लाजून काय पोट भरतंय?"

ती बंकट सुताराकडे गेली. बंकटचा जन्म जू आणि कुळव घडवण्यात गेलेला.

"वल्हं कसं असतं गं, भामाबाई?"

"मला तरी काय ठावं? टीव्हीत फावड्याच्या थोरल्या भावावानी दिसतंय."

बंकटनं जुवासाठी ठेवलेली बाभळ काढली आणि मला घडवलं. वल्ह्याला हलकं लाकूड लागतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं. मला पहिल्यांदा उचलताना भामाबाईच्या तोंडून "आई गं" निघालं. तरीही तिनं मला खाली ठेवलं नाही. पुढं कित्येक नवरात्रं ती मला घेऊन नाचली. पाटोद्याच्या पाहुण्यांनीसुद्धा तिच्यासाठी मुक्काम वाढवले.

मग एके वर्षी केजला नाचांची स्पर्धा निघाली. गावचे पुढारी आप्पाराव पुढं झाले, कारण जीप त्यांची.

"केजात बाई नाखवा? हसतील लोक. आमचा रविराज करील. भामाबाई, तू मागं माशांची पाटी घेऊन उभी ऱ्हा."

रविराज त्यांचा पुतण्या. इतकी वर्षं गुडघे झाकून बसलेल्यांना टाळ्या ऐकू आल्यावर नाखवा व्हायचं होतं! दाराला टेकल्या टेकल्या सगळं माझ्या कानावर पडत होतं असं समजा. मला तोंड असतं तर शिव्याच दिल्या असत्या.

देवळापुढं तालीम झाली. रविराजनं थर्माकोलचं चकचकीत वल्हं आणलेलं. पोरगं चपळ होतं, खोटं कशाला बोलू? पण पुढं बसलेली म्हातारी छबुबाई ओरडली, "आरं, नाव चालवतुयास का माश्या हाकलतुयास?"

सगळं देऊळ हसलं.

"मग भामाबाईनं करून दावावं," आप्पाराव गुरगुरले.

भामाबाईनं पाटी खाली ठेवली आणि मला उचललं. गाणं लागलं. ती मला मागं ओढू लागली. माझ्या वजनानं तिची कंबर वाकली, दंडाच्या शिरा तटतटल्या, टाचा मातीत रुतल्या. ती ओढत होती बाभळ, पण लोकांना दिसत होतं पाणी. मागच्या बायका आपसूक एका अंगाला कलल्या. आणि जिनं विहिरीपलीकडं पाणी पाहिलं नाही, त्या छबुबाईनं बसल्या जागी लुगड्याचा काठ वर धरला. भिजू नये म्हणून!

गाणं थांबलं, तरी तिच्या हातातला काठ वरच होता.

आप्पाराव खाकरले. "बरं, तूच जा केजला. पण त्ये लाकूड तासून हलकं तरी कर."

"न्हाई, आप्पा," भामाबाई धापा टाकत म्हणाली. "ह्येच्या वजनातच पानी हाय."

रविराजनं मुकाट्यानं पाटी उचलली. "ये बाबा," छबुबाई म्हणाली, "मासे सांभाळ."

मित्रांनो, आता भामाबाईचा खांदा दुखतो, आणि दर नवरात्रात कुणीतरी शहाणा रंधा घेऊन माझ्याकडे बघतोच. मला तेल लावा, वाळवीपासून जपा. पण तासू नका. आणि सगळे लाजत होते तेव्हा जी पुढं झाली, तिला टाळ्या पडू लागल्यावर मागच्या रांगेत ढकलू नका. ढकललंत, तर मी शेळ्या अडवायच्याच कामाचं उरेन. समुद्र माझ्यात नाही. तो तिच्या खांद्यावरून येतो.