चोवीस तासांचा पाहुणा

राष्ट्राची सुरक्षा पंचवीस वर्षं माझ्या खांद्यावर होती. खांदा म्हणजे पुठ्ठा, आणि तोही दुसऱ्याच वर्षी झुरळांनी कुरतडला.

मित्रांनो, मी एक जुनी पाहुण्यांची वही आहे. जावा बेटावरच्या एका गल्लीत, गल्लीप्रमुख पाक कास्मिन, म्हणजे कास्मिनकाका, यांच्या घरी, पापडांच्या डब्यावर माझं ठाणं होतं. कायदा सोपा होता. कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, की चोवीस तासांच्या आत माझ्यात नोंद करायची. नाव, कुठून आला, कशाला आला, सही. कुठला शत्रू कुणाची मावशी बनून येईल सांगता येत नाही, असं सरकारचं मत होतं.

पाक कास्मिन जीभ बाहेर काढून, पट्टीने माझ्यावर रेघा मारत. मला तेव्हा अभिमान वाटायचा. एकदा शेजारच्या बू दार्मींनी, म्हणजे दार्मीकाकूंनी, सासूची वर्दी दिली आणि हळूच विचारलं, "पाक, नामंजूर करता येतं का हो?" मी खूप हसले.

पुढे हसू येईना. माणसं सहीच्या निमित्ताने येत आणि बोटाला थुंकी लावून माझी मागची पानं उलटत. विधवेकडे कोण आलं, किती दिवस राहिलं! तेलकट बोटं, लवंगेच्या सिगारेटची राख, आणि वर, "देशासाठी करावं लागतं हो." मला माझाच वास सहन होईना. त्याच वर्षी वरच्या कचेरीतल्या साहेबांनी मला 'आदर्श वही' ठरवून शिक्का मारला.

मग हार्जोनो मास्तर परतले. गल्ली त्यांना मास म्हणायची, म्हणजे दादा. दहा वर्षं ते दूरच्या छावणीत होते. खटला नाही, आरोप नाही, नुसती सुरक्षा. घरात राहणाऱ्यांच्या सरकारी यादीतून त्यांचं नाव केव्हाच खोडलं होतं. त्यामुळे ज्या घरात ते जन्मले, तिथेच ते पाहुणे ठरले. त्यांची नोंद दर चोवीस तासांनी नवी, म्हणून रोज दुपारी चारला येऊन सही करायची. पहिल्या दिवशी 'कशाला आला' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'घरी आलो.'

"असं नाही चालत, मास," पाक कास्मिन कुजबुजले. "नीट कारण लिहा. वरती वाचतात."

"वाचतात? अरे वा." मास्तरांनी ते खोडून लिहिलं, 'बहिणीच्या हातची केळ्याची भजी खायला.'

सात वर्षं हेच चाललं. 'छप्पर गळतंय.' 'मांजर व्याली.' 'कालचं कारण अजून संपलं नाही.'

मग त्यांच्या मुलीचं, रेत्नोचं, लग्न ठरलं. त्याच घरात. आदल्या दिवशी मास्तरांनी सही केल्यावर पेन हातातच धरून ठेवलं.

"पाक, उद्याची ओळ कोरी सोडा. एकच दिवस. बापाने दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं. मीच पाहुणा, तर कसं करू?"

पाक कास्मिन पट्टी पुसू लागले. "साहेब लग्नाला येणार आहेत, मास. वही मागतीलच. मला पोरंबाळं आहेत हो."

"मला एकच आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी उद्याच्या तारखेपुढेही सही केली.

लग्नात साहेबांनी मला जेवतानाच मागवलं. रस्सा लागलेलं बोट त्या ओळीवर टेकवून म्हणाले, "हा इसम पाहुणा आहे ना? मग दारात कशाला उभा?"

मास्तरांना शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. यजमान म्हणून दारात पाक कास्मिन उभे राहिले, प्रत्येकाशी हात मिळवताना जमिनीकडे बघत.

मग नवरीने वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून आशीर्वाद मागायची वेळ आली. पुढे मानाच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई हयात नव्हती, म्हणून एकीवर आत्या, बू तुमिनी. दुसरीवर पाक कास्मिन. रेत्नो दोन्ही खुर्च्या ओलांडून, भरजरी वस्त्र सावरत सरळ शेवटच्या रांगेत गेली आणि पाहुण्यांच्या पायांच्या गर्दीत बापापुढे गुडघे टेकून बसली.

तेवढ्यात बू तुमिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "साहेब, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

साहेब चावत राहिले. तसा रकाना माझ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला मास्तर पुन्हा आले. कारण: 'आवराआवर.'

मास्तर पाहुणे म्हणूनच वारले. त्या तारखेची ओळ पाक कास्मिन यांनी कोरी सोडली. आता ती कुणालाच नको होती.

पुढे सरकार बदललं, वहीचा कायदाही गेला. मला जाळायचं धाडस पाक कास्मिन यांना झालं नाही. त्यांनी मला बू तुमिनींच्या हवाली केलं. आता त्या रोज माझं एक पान फाडतात आणि त्यावर तळण काढतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला बरा वास येतो आहे.

नवे कायदे येत आहेत म्हणे. त्यांना वही लागत नाही. खिशातला फोनच रकाने भरतो, जीभही बाहेर न काढता. मित्रांनो, असा कायदा दारात आला, तर त्यालाच विचारा की तू कशाला आलास, आणि किती दिवस राहणार.

हा झाला उपदेश. आता विनंती. उद्या लग्नाच्या पानाची पाळी आहे. बू तुमिनींना कुणीतरी सांगा, त्यावर केळ्याची भजीच ठेवा. आणि तेल आधी जरा निथळू द्या, फार चटका बसतो.