तुयावाला गिलास

मुहूर्तबिहूर्त न मानणाऱ्या धम्मदीपनं सुडासाठी मात्र नेमकी वेळ काढली होती. रविवार, दुपारी साडेबारा. जेवायला एकच पाहुणा, विक्की, शाळेपासूनचा दोस्त. ताटात आईच्या हातचं मटण आणि सोबत युरोपातल्या तीन देशांच्या तीन वाइन. त्या त्यानं हैदराबादहून बर्फाच्या पेटीत घालून, तान्हं लेकरू आणावं तशा जपून पांढरकवड्याला आपल्या घरी आणल्या होत्या.

बारा वर्षं धम्मदीप समुद्रावर फिरणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजात नोकरीला होता. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, हे गोऱ्या लोकांना सांगायचं त्याचं काम. आता हैदराबादच्या एका बड्या हॉटेलात तेच करतो. बाटली न बघता नुसत्या घोटावरून देश सांगतो, कधी कधी गावही. आमच्याकडे या विद्येची किंमत पहिल्यांदा ओळखली ती विक्कीनं. हायवेवर त्याचं हॉटेल आहे. ट्रकवाल्यांच्या खाटा उचलून तिथं त्याला 'वाइन लाउंज' उघडायचं होतं. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर कोट घातलेल्या धम्मदीपचा फोटोही छापून झाला होता, आणि तोही त्याला न विचारता. आता फक्त कोणत्या वाइन ठेवायच्या, ते त्यानं चाखून ठरवून द्यायचं होतं. दोस्तासाठी एवढं करशीलच, असं विक्की फोनवर म्हणाला आणि धम्मदीपनं त्याला लगेच जेवायला बोलावलं.

आता त्या गिलासाचं सांगायला हवं, कारण सगळं दुखणं त्यातच आहे. शाळेतून येताना दोघं रोज विक्कीच्या घरी पाणी प्यायला थांबत. धम्मदीपला नेहमी एकच स्टीलचा गिलास मिळायचा. त्याच्या बुडाला बाहेरून नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तिसरीत असताना त्यानं विचारलं, हा ठिपका काहून? विक्कीनं सांगितलं, हा तुयावाला गिलास हाय. पोरगं हरखलं. दोस्ताच्या घरी आपल्या हक्काचा गिलास! घरी येऊन त्यानं मावशीच्या नेलपॉलिशनं आपल्या गिलासालाही तसाच ठिपका लावला आणि आईला, प्रभावतीबाईंना, दाखवला. त्यांनी राख घेतली आणि तो ठिपका घासायला बसल्या. ठिपका गेला तरी घासत राहिल्या. धम्मदीप तेव्हा खूप रडला होता.

नववीत एकदा त्याच्या कानावर पडलं. विक्कीची आई मोलकरणीला बजावत होती, की ठिपक्याचा वेगळा धूत जा, आपल्यात मिसळू नको. तेव्हा त्याला आईचं ते घासणं कळलं. सहा वर्षं आपण काय मिरवत होतो, तेही कळलं. त्या दिवसापासून त्या घरचं पाणी त्यानं तोंडाला लावलं नाही. विक्कीशी दोस्ती मात्र तोडली नाही. तोडली असती तर विचारायचं कोणाला?

कारण त्याला एकच गोष्ट हवी होती. विक्कीला तेव्हा माहीत होतं की नव्हतं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. सरळ विचारलं असतं तर तो खांद्यावर हात टाकून म्हणाला असता, अरे लहान होतो यार, काय कळत होतं. या उत्तराची धम्मदीपला इतकी चीड होती, की ते ऐकण्यापेक्षा त्यानं पंचवीस वर्षं थांबणं पत्करलं.

वाइनच्या धंद्यात एक रीत आहे. चाखणाऱ्याला बाटली दाखवत नाहीत. गिलासाच्या बुडाला खूण करतात, चाखून झाल्यावर उलटून पाहतात आणि मग कोणती कुठली ते सांगतात. ही रीत पहिल्यांदा शिकवली गेली, तेव्हा भर वर्गात धम्मदीपला दरदरून घाम फुटला होता. शनिवारी सकाळी त्यानं बाजारातून लाल नेलपॉलिश आणली आणि घरातल्या एकूण एक गिलासाला ठिपका लावला. वाइनच्या काचेच्या गिलासांना लावला, पाण्याच्या स्टीलच्या गिलासांना लावला, चहाचे कपसुद्धा सोडले नाहीत. काचेच्या गिलासांना दांडीच्या बरोबर खाली लावला, वरून दिसू नये म्हणून. प्रभावतीबाईंनी दारातून पाहिलं. उद्या मटणात तिखट किती घालू, एवढंच विचारलं. धम्मदीप म्हणाला, हात सैल सोड.

विक्की आला तो डोक्यावर गॉगल चढवून. प्रभावतीबाईंच्या पाया पडला, तुरीचे सोले घातलेल्या वांग्याच्या भाजीचा वास घेऊन वा वा म्हणाला. पाट नको, टेबलच बरं, म्हणून बसलाही. कोणाकडे जेवायला त्याला आता काही वाटत नाही. काळ बदलला, हॉटेलवाल्याला तर बदलावंच लागतं.

धम्मदीपनं बाटल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आधी जर्मनीची पांढरी ओतली. कच्च्या कैरीवर थेंबभर मध घातल्यासारखी तिची चव असते. विक्कीनं ती एका घोटात संपवली आणि ही बायकांची आहे असा निकाल दिला. मग इटलीची लाल आली, जांभळासारखी तुरट, जिभेला धरणारी. विक्कीनं तोंड वाकडं केलं. तिसरी स्पेनची, लाकडाच्या पिंपात मुरलेली. हिच्यात फर्निचरच्या दुकानाचा वास येतो, विक्की म्हणाला, पण भारी वास आहे, हीच ठेवू. धम्मदीप प्रत्येक वेळी मान डोलवत होता आणि विक्कीच्या ताटात रस्सा वाढत होता. तिखटावर तुरट लाल वाइन म्हणजे आगीत तेल, हे त्याला पाठ होतं. जहाजावर असा जोड त्यानं कोणाला लागू दिला नसता. इथं त्यानं मुद्दाम जुळवला. पांढरी गोड वाइन, जी ही आग विझवते, ती त्यानं उचलून आत ठेवून दिली.

विक्कीचं नाक वाहायला लागलं, कानशिलं लाल झाली. पण पाहुण्यानं हार मानायची नसते. त्यानं तिसरा गिलास संपवला आणि म्हणाला, आता सांग, कोणती कुठली.

"बुडाले खूण हाय. तूच पाह," धम्मदीप म्हणाला.

विक्कीनं हातातला गिलास उलटा केला. लाल ठिपका. त्यानं दुसरा उलटला, त्यालाही तसाच. हातातला गिलास त्यानं टेबलावर ठेवला आणि एका बोटानं हळूच दूर सरकवला. सरकवताना त्याचं ध्यान मटणाच्या आगीकडे होतं, बोलण्याकडे नव्हतं.

"हा तर तुयावाला गिलास हाय," तो म्हणाला. "मले दुसरा दे."

बोलून गेला आणि मग त्याचं बोलणं त्यालाच ऐकू आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ टेबलावर दोघांच्या मधोमध पडला होता.

"दुसरा नाही," धम्मदीप म्हणाला. "या घरातले सगळे माह्येवालेच हायेत. तीन त पेऊन झाले तुये."

खोटं कशाला सांगा, धम्मदीपला त्या क्षणी भयंकर आनंद झाला. जहाजावर पहिला पगार झाला तेव्हा झाला नव्हता, वाइनच्या परीक्षेत पहिला आला तेव्हा झाला नव्हता, इतका. विक्कीनं ते जुनं उत्तर काढलंच, आपण लहान होतो यार. धम्मदीपनं त्याला आठवण करून दिली, की नववीत दोघांनाही मिसरूड फुटलं होतं.

"मले माहीत होतं," विक्की शेवटी म्हणाला. "आई म्हणे, त्याले सांगू नको, येनं बंद करन तो. मले तू यायला पायजे होता."

हे ऐकून धम्मदीपचा राग निवायला हवा होता. तो दुप्पट झाला. दोस्त यावा म्हणून ज्यानं रोज हातानं त्या गिलासात पाणी ओतलं, त्याला काय म्हणावं? धम्मदीपनं पाण्यानं भरलेला स्टीलचा गिलास विक्कीच्या पुढ्यात सरकवला.

विक्कीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठसका लागला होता. त्याचा हात गिलासापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. या घरची भाकर त्यानं खाल्ली होती, रस्सा ओरपला होता, ताटाला काही खूण नव्हती. ठिपक्याच्या गिलासाचं वेगळं होतं. तो उठला, अंगणातल्या नळापाशी गेला, वाकला आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागला. पाणी कोपरांवरून पँटीवर सांडत होतं.

धम्मदीपनं हे योजलेलं नव्हतं. तो खुर्चीत टेकून बघत बसला आणि त्याला ते आवडलं.

प्रभावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. विक्कीच्या आज्याच्या शेतात कापूस वेचायला जायच्या तेव्हा त्या अशाच प्यायच्या. वरून कोणीतरी धार सोडायचं, खाली ओंजळ. पोटभर कधी प्यायला मिळायचं नाही, आणि बाहीपर्यंत भिजायला व्हायचं.

"धम्मा," त्या म्हणाल्या, "त्याले गिलास नेऊन दे. आपल्या दारात कोनी ओंजळीनं पेत नाही."

धम्मदीपला उठायचं नव्हतं. पण आईचा शब्द त्यानं आजवर टाळला नव्हता. तो टेबलावरचा भरलेला गिलास घेऊन अंगणात गेला आणि विक्कीसमोर धरला.

विक्कीनं नळ बंद केला. ओल्या हातानं गिलास घेतला. घेऊन जरासा वर उचलला, मान वाकडी करून खालून त्याचं बूड पाहिलं आणि परत धम्मदीपच्या हातात दिला.

"पेलो मी," तो म्हणाला.

"फ्लेक्सवरचा माहा फोटो काढ," धम्मदीप म्हणाला. "आजच काढ."

मग विक्की समोर उभा असतानाच त्यानं तो गिलास तोंडाला लावला, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि आत जाऊन आईचं ताट वाढायला घेतलं.