गुडघ्यावर बसण्याचा नियम

नान्तोंगोला गुडघ्यावर बसायची कधी लाज वाटली नव्हती. सासऱ्यांना चहा देताना ती बसायची. आत्या दारात आली की अंगणातल्या चिखलातसुद्धा बसायची. रस्त्यात कुणी म्हातारं माणूस भेटलं तर पाठीवरचं पोर सांभाळत झटकन खाली टेकून, रात्र कशी गेली ते विचारून पुढे जायची. बुगांडा मुलखातल्या मुलीला हे कधी शिकवलं गेलं ते आठवतही नाही; चालायला लागते तशीच बसायलाही लागते. म्हणून तर त्या रविवारी जे झालं त्याचा तिला इतका संताप आला. दुसरं काही मागितलं असतं तर एक वेळ तिने सोडून दिलं असतं. इथे जणू तिच्याच घरातली चांगली वस्तू उचलून तिच्याच डोक्यात घातली होती.

तळ्याकाठच्या त्या पार्कात ती जहाज चालवायची. जहाज म्हणजे जहाजाच्या आकाराचा अवाढव्य झोपाळा. माणसं ओळीने बसवायची, प्रत्येकाच्या पोटावरचा दांडा खाली ओढून हाताने हलवून बघायचा, मग कळ दाबायची. बाजूला पत्र्याचा एक जिराफ उभा होता आणि त्याच्या गळ्यावर लाल रेघ होती. ज्या पोराचं डोकं रेघेपर्यंत पोचत नाही त्याला जहाजात घ्यायचं नाही, कारण दांडा त्याला धरत नाही. जहाज वर गेलं की ते खालून सुळकन निसटतं. पार्कात नियम पुष्कळ होते आणि त्यातले बरेच नुसते छापण्यापुरते होते. पण हा एक नान्तोंगो डोळ्यांत तेल घालून पाळायची.

त्या दुपारी मुकीबी आला. रस्त्यांची कंत्राटं घेणारा, पोट पुढे, मान मागे, हातात लाल सोड्याची बाटली. बरोबर त्याची मुलगी किसाक्ये. शाळेच्या शिस्तीप्रमाणे डोकं बारीक कापलेलं, अंगात फुगीर बाह्यांचा फ्रॉक, आणि पायात चांगले जाड टाचांचे पांढरे बूट. जिराफाला टेकून उभी राहिली तेव्हा तिचं डोकं जेमतेम रेघेला लागलं.

"बूट काढ गं राणी," नान्तोंगो म्हणाली.

"बूट कशाला?" मुकीबी म्हणाला. "बूट घालूनच बसणार आहे ना ती?"

"दांडा पोटावर येतो, साहेब. टाचेवर नाही येत."

किसाक्येने मुकाट्याने बूट काढले. डोकं रेघेच्या चांगलं चार बोटं खाली गेलं. पोरीने वर बघितलं, मग जहाजाकडे बघितलं. तिचा चेहरा सुटल्यासारखा झाला. तिला मुळात जहाजात बसायचंच नव्हतं, हे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळलं असतं.

"पुढच्या वर्षी ये," नान्तोंगो तिला म्हणाली. "मी इथेच आहे."

"तू मला माझ्या पोरीसमोर नाही म्हणतेस?" मुकीबीने विचारलं.

"मी कुठे म्हणते, साहेब? हा जिराफ म्हणतोय."

रांगेतले लोक हसले. तेवढंच झालं. मुकीबीने लोकांकडे बघितलं, बाटलीचं झाकण फिरवून काढलं, खिशात ठेवलं आणि सगळा सोडा नान्तोंगोच्या छातीवर ओतला. घाई न करता, बाटली रिकामी होईपर्यंत, झाडाला पाणी घालावं तसा. किसाक्ये रडायला लागली. कर्मचाऱ्याने पाहुण्याला उलट बोलू नये, हा पार्काच्या पुस्तिकेतला नियम नान्तोंगोच्या अंगात मुरला होता, आणि त्या क्षणी तिला त्या पुस्तिकेचीच सगळ्यात जास्त चीड आली.

पार्काच्या फाटकावर एक भलामोठा फलक होता. कर्मचाऱ्यांशी गैरवर्तन करणाऱ्या पाहुण्यांना पार्काबाहेर काढण्यात येईल, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्या फलकाच्या जोरावर आजवर फक्त अनवाणी पोरांना बाहेर काढलं होतं. मुकीबीला कुणी बाहेर काढलं नाही. त्याला व्यवस्थापकाच्या खोलीत बसवून थंड पाणी दिलं, आणि मग नान्तोंगोला बोलावलं.

व्यवस्थापक सेम्पिजा गुळगुळीत माणूस. बूट गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत. मुकीबीला बाहेर झाडाखाली बसवून त्याने दार लावलं.

"माफी मागायची आहे," तो म्हणाला.

"त्यांना? कुठे आहेत? इथेच मागू देत," नान्तोंगो म्हणाली.

"मस्करी नको. तू पाहुण्याला चारचौघांत हसं केलंस. पुस्तिकेत काय आहे?"

"आणि फाटकावर काय आहे?"

"फलक फाटकाबाहेर आहे. तू आत काम करतेस."

"पोरगी दांड्याखालून निसटली असती तर?"

"ती वेगळी गोष्ट. त्यासाठी विमा आहे."

नान्तोंगोने त्याच्याकडे नीट बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. तिच्या शर्टावरचा सोडा वाळून कातडीला चिकटत होता आणि त्यावर माश्या बसायला लागल्या होत्या.

"हे बघ," सेम्पिजा आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांच्या कंपनीचा वर्षाचा मेळावा आपल्याकडे होणार आहे. पार्काच्या मालकांनी मला स्वतः फोन केला. उभ्याने मागितलेली माफी मुकीबीसाहेबांना चालणार नाही. ते म्हणतात, आमच्या घरी कामवाली चहासुद्धा गुडघ्यावर बसून देते. जहाजापाशी, त्याच लोकांसमोर, गुडघ्यावर बसायचं. रोज बसतेसच की. आपली रीतच आहे ती."

"मी माझ्या माणसांपुढे बसते, साहेब."

"मग आज पाहुण्यापुढे बस. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

गावी मसाक्यात आई होती, घरात दोन पोरं होती, नवऱ्याचं काम आज असलं तर उद्या नसे. हे सगळं नान्तोंगोला सेम्पिजाने सांगायची गरज नव्हती. जहाजाकडे चालत जाताना तिने स्वतःला शंभर वेळा समजावलं, की बसायला काय लागतं, बसलं आणि उठलं. पण जसजसं जहाज जवळ येत गेलं तसतसे तिचे पाय ताठ होत गेले. तोंडाने हो म्हणता येईल, गुडघे हो म्हणणार नाहीत, हे तिला कळून चुकलं.

मुकीबी जिराफापाशी उभा होता, हात मागे बांधून, पुतळा बसवायला आणल्यासारखा. त्याच्या पुढ्यात किसाक्ये, अजून अनवाणी, बूट हातात. भोवती गर्दी. फोटो काढून मालकांना पाठवायला सेम्पिजाने फोन उघडून धरला होता.

"तुमची मुलगी रडली, त्याचं मला वाईट वाटतं," नान्तोंगो उभ्याने म्हणाली.

"खाली," मुकीबी म्हणाला.

ती हलली नाही.

"हिला ऐकू येत नाही का, सेम्पिजा?"

"नान्तोंगो," सेम्पिजा दातातल्या दातात म्हणाला, "बस."

ती उभीच राहिली. जहाज थांबलेलं, रांग थांबलेली, कुणाचं तरी तान्हं तेवढं कुरकुरत होतं. आणि मग किसाक्येने हातातले बूट बाजूला ठेवले, फ्रॉक नीट केला आणि ती तापलेल्या सिमेंटवर गुडघ्यावर बसली. बापापुढे नाही, नान्तोंगोपुढे. दोन्ही हात मांडीवर, नजर खाली, अगदी आत्यानं शिकवलेलं असतं तशी.

"मावशी, मला माफ करा," ती म्हणाली. "माझ्यामुळे तुमचा शर्ट खराब झाला."

"ऊठ," मुकीबी ओरडला. "ऊठ आधी."

पोरगी घाबरली, पण उठली नाही. मोठ्या बाईपुढे बसलं की तिने ऊठ म्हटल्याशिवाय उठायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिचे उघडे गुडघे भाजत असणार. नान्तोंगोला पुढचं काही ठरवावं लागलं नाही. ती धावली, पोरीसमोर खाली बसली, तिचे दोन्ही कोपर धरले आणि म्हणाली, "ऊठ गं बाळा, तुझं काही चुकलेलं नाही." तेवढ्यात सेम्पिजाच्या फोनचा आवाज झाला.

"झालं," तो म्हणाला. "छान झालं."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मुकीबीने मान डोलावली, पोरीला दंडाला धरून उचललं आणि निघून गेला. काय झालं ते नान्तोंगोला, सेम्पिजाने फोन तिच्यापुढे धरला तेव्हा, समजलं. फोटोत मुकीबी खांबासारखा उभा होता, त्याच्या पायांशी त्याची मुलगी, आणि तिच्याही समोर नान्तोंगो, गुडघ्यावर, मान खाली. तिथे नसलेल्या माणसाला त्यातून एकच अर्थ कळला असता.

"मी त्यांच्यापुढे नाही बसले," ती म्हणाली.

"फोटो बघ ना."

"फोटो खोटा आहे."

"खोटा कसा? गुडघे तुझे नाहीत का?" सेम्पिजा खुशीत होता. "मालकांना फार आवडला. नोकरी टिकली तुझी. आता रुसू नकोस."

ती घरी गेली, शर्ट भिजत घातला, घासला, पुन्हा घासला. डाग फिकट झाला पण राहिला. रात्री सासऱ्यांना जेवण वाढताना ती गुडघ्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण काय करतोय याची जाणीव झाली. त्या माणसाने एवढंही नासवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायच्या आधी सगळ्या कर्मचाऱ्यांना फणसाच्या झाडाखाली उभं केलं. शेजारी जेवणघराच्या भिंतीवर तो फोटो मोठा छापून डकवलेला होता. सेम्पिजाने नवा नियम वाचून दाखवला. यापुढे पाहुण्याची तक्रार आली की महिला कर्मचारी गुडघ्यावर बसून माफी मागेल. पुरुषांनी नुसतं वाकलं तरी चालेल.

"यात नवीन काही नाही," तो म्हणाला. "ही आपली संस्कृती. आपल्या नान्तोंगोने कुणी न सांगता दाखवून दिलं."

कुणी न सांगता, हे ऐकून नान्तोंगोच्या कानशिलांतून आग निघाली. तिकिटं देणारी नाकिगुड्डे तिच्या शेजारीच उभी होती.

"बरं केलंस हो," नाकिगुड्डे पुटपुटली. "तू एकदा बसलीस, आता आम्ही रोज बसतो. चिप्स थंड निघाले, बसा. झोपाळ्यावर पोराला उलटी झाली, बसा."

"मी नाही बसले."

"भिंतीवर मग तुझी जुळी बहीण आहे का?"

यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. एकटीने सोसायचं तर तिने सोसलं असतं. पण या सगळ्याजणींच्या गुडघ्यांना आता तिचे गुडघे दाखवून हुकूम सुटत होता.

"नान्तोंगो, पुढे ये," सेम्पिजाने हाक मारली. "सगळ्यांना दाखव. हात कसे, मान कशी. मी पाहुणा आहे असं समज."

ती पुढे गेली. त्याच्या समोर थांबली. त्याच्या बुटांच्या चकाकीत फणसाच्या फांद्या दिसत होत्या. त्याने बायकांना नीट दिसावं म्हणून एक पाऊल मागे घेतलं.

नान्तोंगो त्याला वळसा घालून पुढे चालू लागली. रांगेच्या टोकाला झाडूवाली नाजेम्बा झाडूवर रेलून उभी होती. पार्कातली सगळ्यात म्हातारी. सगळे तिला जाजा, म्हणजे आजी म्हणत. तिचा अर्धा डोळा झोपेत होता. नान्तोंगो तिच्यासमोर ओल्या मातीत गुडघ्यावर बसली, हात मांडीवर घेतले.

"रात्र कशी गेली, जाजा?"

"बरी गेली गं पोरी. तुझी कशी गेली?"

"बरी गेली, जाजा. घरचे कसे आहेत?"

"आहेत. सुनेचं पोट बिघडलंय. तुझी पोरं?"

"बरी आहेत. तुमचा गुडघा?"

"गुडघ्याचं काय विचारतेस," नाजेम्बाने झाडू दुसऱ्या हातात घेतला आणि ऐसपैस सुरू केलं. गुडघा, त्याचा उजव्या बाजूचा ठणका, त्यावर शेजारणीने दिलेला पाला, शेजारणीची पळालेली शेळी. मग नान्तोंगोची मसाक्यातली आई, आईच्या केळी, यंदाचा पाऊस.

"पुरे आता," सेम्पिजा म्हणाला. पण त्याचा आवाज चढला नाही. म्हाताऱ्या माणसाची विचारपूस चालू असताना मधे तोंड घालायचं नसतं, हे त्यालाही कुणीतरी लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलं असणार.

फाटकापाशी लोक जमले होते आणि गज वाजवत होते. अखेर नाजेम्बा म्हणाली, "ऊठ पोरी, कपडे भिजले." नान्तोंगो उठली.

"असं बसतात, साहेब," ती सेम्पिजाला म्हणाली. "काल मी त्या लेकरासाठी बसले होते. त्या माणसापुढे मी बसलेली नाही, तुमच्यापुढे बसणार नाही, आणि यांच्यातल्या कुणाला बसवायला माझा फोटो वापरायचा नाही."

"तू आजपासून घरी," सेम्पिजा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"जाते."

मसाक्यातली आई आणि घरातली पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. राग मात्र त्याने तसूभर कमी झाला नाही. ती जेवणघराच्या भिंतीकडे वळली तेव्हा नाकिगुड्डे रांगेतून निघून नाजेम्बापुढे जाऊन बसली होती.

"रात्र कशी गेली, जाजा?"

"बरी गेली," नाजेम्बा म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून गुडघा सुरू केला. नाकिगुड्डेच्या मागे चिप्सच्या गाडीवरची बाई येऊन उभी राहिली, तिच्या मागे आणखी दोघी.

"फाटक उघडायचंय," सेम्पिजा ओरडला. "ही काय वेळ आहे?"

नाजेम्बाने बोलणं थांबवलं आणि त्याच्याकडे बघितलं. "मी कधीची इथे झाडते रे," ती म्हणाली. "रोज तू माझ्या झाडूवरून ओलांडून जातोस. तुझ्या तोंडून अजून एकदाही ऐकलं नाही, की रात्र कशी गेली."

सेम्पिजाने फाटकाकडे नजर वळवली. बाहेर लोक गज वाजवतच होते.

नान्तोंगोने फोटोचा वरचा कोपरा धरला आणि भिंतीवरून खेचला. डिंक ओला होता, सहज निघाला. मग मधून फाडला, सावकाश, मुकीबीच्या पँटच्या कडेने, पोरीच्या फुगीर बाहीला धक्का न लावता. मुकीबीचा तुकडा तिने सेम्पिजाच्या हातात दिला.

"हे घ्या तुमचे पाहुणे," ती म्हणाली. "या दोघी माझ्या आहेत."

उरलेल्या कागदाची घडी करून तिने डागाळलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि फाटकावरचा तो फलक वाचत उभ्या असलेल्या गर्दीतून वाट काढत ती बाहेर पडली.