लामारची पाठ आणि ते हरीण

माझा स्वभावच संशयी. आई म्हणायची, आमची आर्डिथ तोंड न भाजताच ताक फुंकून पिते. पण आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसात तो फोटो बघितला आणि वाटलं, मीच भोळी निघाले.

फोटोत माझा नवरा लामार. जंगलातल्या कॅम्पच्या पायरीवर बसलेला, दोन्ही हातांत पुढ्यातल्या मेलेल्या हरणाची शिंगं, बत्तिशी बाहेर. बंदुकीच्या दुकानात भिंतीवर लावला होता, तिथून तो विमा कंपनीच्या माणसानं पैदा केला.

"शुक्रवारी कारखान्यात साचा उचलताना पाठ गेली म्हणता," वकीलबाई म्हणाल्या, "आणि सोमवारी एवढं मोठं जनावर जंगलातून ओढत आणलं? त्यांचा डॉक्टर म्हणणार, मणक्यातली गादी हरणामुळे सरकली. आपला डॉक्टर म्हणतो, ओढलं नसेल तर मी छातीठोक सांगतो, साच्यामुळेच सरकली. ओढलं असेल तर मी काही बोलू शकत नाही."

म्हणजे कंपनी ऑपरेशनचा खर्च देणार नाही. आणि ऑपरेशन झालं नाही तर डावा पाय कायमचा लुळा.

घरी येऊन मी लामारला धरलंच. "शनिवारी तुझे मोजे मी चढवले. कण्हत होतास. नाटक होतं का रे ते?"

"नाटक कसलं!"

"मग हरीण कुणी मारलं?"

"मी."

"आणि ओढलं?"

"मीच. आता पुरे कर ना."

माझ्याकडे न बघता टेबलावरचा पावाचा चुरा वेचत बसला. खोटं बोलतोय हे कळत होतं. पण खोटं कुठलं, पाठीचं की हरणाचं? त्या सोमवारी मी त्याला पाठवायलाच तयार नव्हते. पण आमच्याकडे शिकारीचा पहिला दिवस म्हणजे शाळासुद्धा बंद. माझा धाकटा भाऊ डार्विन त्याला गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून घेऊन गेला होता.

रविवारी डार्विनकडे जेवायला गेलो. बर्फ आणायला मी तळघरात उतरले, फ्रीझर उघडला, तर मांसानं काठोकाठ भरलेला. माझ्या घरी एक तुकडा आला नव्हता. आमच्यात मारणाऱ्याच्या घरी पाठीचं मऊ मांस पोचतंच, मग भांडण का असेना. आणि एका हरणाचं एवढं मांस निघत नाही, पण परवान्यावर तर माणशी एकच मारता येतं, त्याची चिठ्ठी त्या हरणाला बांधावी लागते. मी डार्विनला खाली बोलावलं.

"दोन हरणं आहेत ना रे ही?"

"ताई, हळू बोल." त्यानं दार लोटलं. "सकाळी एक मारलं, त्याला माझ्या परवान्याची चिठ्ठी लागली. दुपारी हा मोठा नर समोर आला. राहवलं नाही गं. लामारची चिठ्ठी लावली. तो दिवसभर खाटेवर पडून होता. फोटोपुरता आम्ही धरून बाहेर बसवला."

"मग सांग हे जजसाहेबांना."

"बंदूक जाईल, परवाना जाईल. लामारनं शब्द दिलाय मला."

"आणि त्याचा पाय?"

"बघू."

बघू म्हणे! अंगाची लाहीलाही झाली माझ्या.

सुनावणीला डार्विन आला खरा. टोपी मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसला. कंपनीच्या वकिलानं फोटो पुढे केला. "हे हरीण तुम्ही मारलं?"

लामारनं मागे वळायचा प्रयत्न केला, पाठीनं वळू दिलं नाही. डार्विन टोपीतच बघत होता.

"मी मारलं," लामार म्हणाला. "मीच ओढत आणलं."

असा संताप आला, दोघांचाही! शब्द पाळायचा यांनी आणि लुळा पाय सांभाळायचा मी. ताडकन उठले. "साहेब, खोटं बोलतोय तो!"

जजसाहेब म्हणाले, खाली बसा. वकीलबाई म्हणाल्या, यांचीही साक्ष घ्या. थोडी हुज्जत झाली, मग मला शपथ दिली.

"तर मग हरीण कुणी मारलं?" जजसाहेबांनी विचारलं.

मागचा बाक करकरला. वाटलं, डार्विन उठला, आता तरी बोलेल. पण पावलं दाराकडे गेली आणि दार लागलं.

"बाई, नाव सांगा."

आई कामावर जायची तेव्हा त्याला मी कडेवर वागवला होता. रडू आवरेना, तरी बोलले.

"डार्विन हॅकनबर्ग," मी म्हणाले. "माझा सख्खा भाऊ."