खाऱ्या कातड्याची माशी

सोळा जूनच्या पहाटे तेदोरी नदीच्या काठावर जेवढी माणसं जमतात, तेवढी त्या गावांत लग्नालाही जमत नाहीत. आयू मासा धरायची बंदी त्या दिवशी उठते. आठ महिने कपाटात झोपलेल्या लांबलचक काठ्या बाहेर निघतात. सासऱ्याच्या श्राद्धालासुद्धा रजा न मागणारे लोक साहेबाला ताप आल्याचं कळवतात, आणि साहेब शंभर पावलांवर कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. दोघंही एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

त्या गर्दीत मिसाओ रिकाम्या हातांनी उभी होती. गळाची माशी बांधणाऱ्याने त्या दिवशी काठीला हात लावायचा नाही, ही कुरोसाकांच्या दुकानाची रीत. बांधणारा काठावर, धरणारा पाण्यात. हाताला काही काम नसलं की जीव कसा टांगणीला लागतो, हे ज्याने ही रीत घातली त्याला पक्कं ठाऊक असणार.

कानाझावाच्या त्या दुकानात गळाला लावायच्या माश्या बनतात. तांदळाच्या दाण्याएवढा गळ नुसत्या बोटांत धरायचा, त्यावर रेशीम गुंडाळायचं, पक्ष्याचं पीस बसवायचं आणि डोक्याशी झाडाच्या चिकाचा रोगण लावून त्यावर सोन्याचा वर्ख. पाण्यातल्या माशाला तो किडा वाटला पाहिजे. दुकानात देवदाराचा एक जुना फळा आहे. त्यावर आजवरच्या एकशे बारा माश्यांची नावं आहेत. एकशे तेरावं नाव लागायचं, तर त्या नव्या माशीने पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या भोंग्याआधी दहा आयू जाळीत आणायचे. आणि एका कारागिराला जन्मात तीनच संधी. हा नियम उस्ताद देन्जी कुरोसाकांच्या आजोबांनी केला. त्यांच्या स्वतःच्या माशीने पहिल्याच वर्षी तेवीस आणले होते. असेच लोक असले नियम करतात.

मिसाओची पहिली माशी चार आयूंवर आटोपली. दुसरीने सात आयू आणले आणि आठवा म्हणून एक बूट. आज तिसरी. आज हुकलं, की जन्मभर दुसऱ्यांच्या नावाच्या माश्या बांधत बसायचं. नऊ वर्षं झाली होती तिला दुकानात, वय एकतीस. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बाई गं, अशी उभी राहू नकोस. मासे बघतील आणि घाबरतील," पाण्यातून त्सुबोताकाका ओरडले. पस्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. नऊ मीटरची काठी अशी धरतो जशी घरातली केरसुणी.

"तुम्ही पाण्याकडे बघा ना, काका!"

"पाण्याकडेच बघतोय. पाण्यात तूच दिसतेस."

घडीच्या स्टुलावर उस्ताद बसले होते. वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर गवताची टोपी, टोपीच्या पट्टीत खोचलेल्या पाच-सहा माश्या. मांडीवर त्यांच्या बायकोने, काकूंनी, दिलेला डबा. त्यांनी नाक वर केलं. "या माशीने काही धरलं, तर मी माझी टोपी खाईन. नदीच्या माशाला समुद्राचं कातडं दाखवतेय! उद्या डोंगरावरच्या माकडाला नारळ विकशील."

भांडण कातड्यावरूनच होतं. मिसाओ नोतोच्या बंदरावरची. तिची आई बांगड्याच्या कातडीच्या चिंध्या गळांना बांधायची, एका दोरीला सहा गळ, आणि धक्क्यावर बसून समुद्रातले मासे ओढायची. मिसाओने तीच कातडी खरवडून, केसाएवढी पट्टी कापून, मोराच्या पिसाखाली रेशमाबरोबर गुंडाळली होती. सुकी असताना काहीच दिसत नव्हतं. पाण्यात गेली की आतून दुधासारखी उजळायची. त्या उजेडावर तिचा जीव होता. उस्तादांना ती बघायला दिली तेव्हा त्यांनी ती बोटांत फिरवली, हुंगली आणि म्हणाले, "खारट."

तंगुसाच्या टोकाला शिसं, त्याच्या वर वीत-वीत अंतरावर दोन माश्या. वर नवी, खाली जुनी जाणती, नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडावी तशी. पाठराखीण म्हणून उस्तादांनी स्वतःची 'तांबडी पहाट' दिली होती. हिवाळ्यात पडद्याआड बसून मी स्वतः बांधली, असं ते दहादा बोलून दाखवत.

पहिला आयू पाचच्या सुमाराला लागला. काठी वाकली, पाण्यातून चांदी उसळली, काकांनी ती हवेतूनच जाळीत झेलली.

"कुठल्या माशीवर?" उस्तादांनी विचारलं.

"खालच्या," काका म्हणाले.

उस्ताद असे हसले की स्टूल कुरकुरलं. मिसाओने ओठ चावला. दुसराही खालच्याच माशीवर. मग ऊन झाडांच्या वर आलं, पाण्याचा रंग हिरव्या चहासारखा झाला, आणि काकांनी बोंब ठोकली, "वरची! वरची घेतली गं!"

त्यानंतर जे सुरू झालं ते सुरूच झालं. चौथा, पाचवा. आयू जाळीत पडला की काकडी चिरल्यासारखा वास यायचा आणि मिसाओ तो छाती भरून घ्यायची. मध्येच खालची माशी एखादा घेई, मग पुन्हा वरची, वरची, वरची. शेजारचे दोन गळवाले स्वतःची काठी सोडून बघत राहिले. साडेदहाला नवीन माशीवर आठ झाले होते, खालच्या जुन्या माशीवर चार. मिसाओ वाळूवर लहान पोरीसारखी उड्या मारत होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

"कितवा?" उस्ताद दर वेळी विचारत. "कुठल्या माशीवर?" हसणं कधीच थांबलं होतं. ते स्टुलाच्या कडेवर येऊन बसले होते, मान पुढे काढून.

"नववा, उस्ताद! नववा! खाणार का टोपी? मीठ लावून देऊ?"

"एक राहिलाय अजून. एकाशिवाय नऊ म्हणजे शून्य," उस्ताद म्हणाले. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तेवढ्यात काठी वाकली. वाकली म्हणजे अर्धी पाण्यात गेली. काका दोन पावलं ओढले गेले. नदीच्या मध्यावर हातभर लांबीचं एक रुपेरी धूड उसळलं आणि धप्पकन आदळलं.

"हा आयू नाही!" काका किंचाळले. "समुद्रातला आहे हा! जिताड्यासारखं काहीतरी! भरतीबरोबर वर आलाय!"

समुद्रातल्या माशाने समुद्रातलं कातडं ओळखलं होतं. तंगूस तारेसारखा ताणला गेला, झण्ण वाजला आणि तुटला. शिसं गेलं, तांबडी पहाट गेली, नवी माशी गेली. काठी सरळ झाली. पाणी जसं होतं तसं वाहू लागलं.

मिसाओ मटकन खाली बसली. नवीन माशी एकच होती. एका गळावर दहा मासे टिकल्याशिवाय बांधणी पक्की ठरत नाही, म्हणून तिने हट्टाने एकच आणली होती. शहाणपणा नडला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"दुसरी बांध," उस्ताद म्हणाले.

"काय?"

"बहिरी आहेस का? नियम माशीच्या जातीचा आहे, एका गळाचा नाही. आजोबांच्या सात तुटल्या होत्या. बांध. पाऊण तास आहे."

"कातडी नाही, उस्ताद. सोनं नाही. रोगण वाळायला चार दिवस लागतात!"

उस्तादांनी मांडीवरचा डबा उघडला. काकूंचा दाबलेला भात, वर व्हिनेगरमध्ये मुरलेला बांगडा, पाठीवरच्या निळ्या रेषांसकट. त्यांनी एक वडी उचलली, बांगडा सोलून तिच्या हातात दिला आणि उरलेला भात तोंडात टाकला. "ही कातडी," ते चावत म्हणाले. मग टोपीच्या पट्टीतून एक माशी उपसली. "आणि हे सोनं. हीही तांबडी पहाटच. सोलून काढ, डोक्यावरचं सोनं राहू दे, त्याच्यामागे तुझी बांध."

"तुमची माशी सोलू?"

"नाही, माझं टक्कल सोल. वेळ बघ!"

काठावरच्या माणसांनी आपोआप कडं केलं, वारा अडावा म्हणून. मिसाओने गळ बोटांत धरला, दोऱ्याचं टोक नखाने शोधलं आणि सोडवायला घेतलं. उस्तादांचा पीळ आपल्या उलट, म्हणून सोडवतानाही तो आपल्या माशीच्या उलट बाजूला फिरवायचा, हे तिने नऊ वर्षांत हजार वेळा केलेलं. ती डावरी. पहिलं वर्षभर उस्तादांनी तिच्या डाव्या हातावर पट्टी मारली आणि मग नाद सोडला. सगळ्या दुकानात डावा पीळ फक्त तिचाच.

दोरा सुटेना. सुटायच्या ऐवजी आवळला. तिने पुन्हा फिरवलं, आणखी आवळला.

मग तिचा हात थांबला. ही माशी उस्तादांची नव्हती. ही तिनेच बांधली होती, रोजच्या विक्रीच्या ट्रेमधल्या शेकड्यांतली एक. म्हणजे पडद्याआड कोणी काही बांधत नव्हतं. म्हणजे खालच्या गळावरची पाठराखीणही तिचीच होती. तिने वर पाहिलं. उस्तादांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते, पण नेमके चेहऱ्यावर नव्हते. कानाच्या जरा बाजूला कुठेतरी लागले होते. 'कुठल्या माशीवर' हे ते सकाळभर का विचारत होते, ते तिला आता कळलं.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. गाठ घट्ट आहे. उस्तादांचीच गाठ," ती म्हणाली, आणि दोरा दुसऱ्या बाजूला फिरवला. भराभर सुटला.

पुढची वीस मिनिटं तिला आठवत नाहीत. बांगड्याची कातडी नखाने खरवडली, दाढीच्या पात्याने कापली, हात व्हिनेगरने घाण वास मारत होते. पट्टी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा बसली. सोललेल्या माशीचंच मोराचं पीस, तिचंच रेशीम, तीन वेढे, गाठ. काकांनी ती जिभेवर ओली केली आणि तोंड वाकडं केलं. "चव चांगली आहे. मीच गिळेन."

बाराला अकरा मिनिटं कमी. पहिल्या फेकीला काही नाही. दुसऱ्या फेकीला काठी थरथरली, आयू उसळला, हवेत सुटला आणि जाळीच्या काठावर आपटून पाण्यात गेला. काठावरून एकच "आह" निघालं. मिसाओने मनातल्या मनात सगळे देव पाण्यात बुडवले. तिसऱ्या फेकीला शिसं तळाला टेकलं. काकांनी काठी हळूच उचलली, खाली सोडली, उचलली.

टक्क.

"घ्या, काका! घ्या!"

"मला शिकवू नकोस!" काका गरजले. काठी उभी झाली, उन्हात एक पिवळसर चांदी लहरत आली, आणि या वेळी काकांनी जाळी अशी पुढे केली जशी बस थांब्याला लावतात, इंचही इकडेतिकडे नाही. मासा आत पडला. काठ ओरडला. अनोळखी माणसांनी मिसाओच्या पाठीवर थापा मारल्या. काका जाळीसकट पाण्यात बसले आणि तिथेच हसत राहिले. भोंगा झाला तेव्हा तो कोणाला ऐकूही आला नाही.

संध्याकाळी फळा भिंतीवरून उतरवून चटईवर ठेवला. काकू चहा ठेवून गेल्या. त्सुबोताकाका कोरडे कपडे घालून साक्षीदार म्हणून ऐटीत बसले होते. उस्तादांनी स्वतः शाई उगाळली. नाव नेहमी उस्तादच लिहितात; एकशे बारांतली शेवटची एकोणीस त्यांच्याच हातची.

"नाव?"

"भरती," मिसाओ म्हणाली.

उस्तादांनी मान डोलावली, कुंचला शाईत बुडवला आणि तिच्यापुढे धरला. "तू लिही."

"उस्ताद, मी कशी? रीत..."

"मला फळ्यावरच्या रेषा दिसत नाहीत."

काकांचा पेला ओठांशी थांबला.

"माशी बांधून तीन वर्षं झाली मला," म्हातारा म्हणाला, काल कुठे गेलो होतो ते सांगावं तसं. "खोट्या ऐटीत दिवस काढले. खालच्या गळावरचे चारही हिचेच होते, त्सुबोता. काठावर ही 'उस्तादांचीच गाठ' म्हणाली, तेव्हा मला कळलं की हिला कळलं. तुझ्यासमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून ही पोर खोटं बोलली. माझं खोटं तीन वर्षांचं, हिचं एका क्षणाचं. दोन्ही आज पुरे. फळा हिचा, दुकान हिचं. मी पडद्याआड बसून चहा पिईन."

मिसाओला हुंदका आवरेना. तिने कुंचला घेतला, पण त्यात शाई इतकी भरली होती की फळ्यावर एक काळा ठिपका पडला. ती घाबरून उस्तादांकडे बघू लागली.

"रडायचं ते नंतर," उस्ताद म्हणाले. "शाई वाळतेय."