उगवतीच्या वावरातलं सीतादही

हे कोणी खरं मानणार नाही. न मानो बापडे. पण ज्या साली दूर अमेरिकेत लढाई पेटली आणि अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली वऱ्हाडात लोकांनी गाद्या उसवून विकल्या, नवरदेव उघड्या खाटेवर निजले, आणि एका बैलाने कापसाचं बोचकं खाल्लं तर मालक आठवडाभर शेण चाळत बसला. अशा दिवसांत तिवश्याच्या रस्त्यावर वांगी विकणारी पार्बताबाई एका वावरासाठी उभी राहिली.

वावर तिचं नव्हतं, नातीचं होतं. लेक-जावई पटकीत गेले, मागे शकुन राहिली. शकुनचा बापाकडचा आजा महादेवराव सांगून ठेवायचा, "उगवतीचं वावर माह्या नातीचं." नुसतं सांगायचा नाही. कापसाची पहिली वेचणी निघाली की धनिणीने कोपऱ्यातल्या झाडाला दहीभात वाहायचा, पहिलं बोंड तिनेच तोडायचं. हे सीतामायचं दही, म्हणजे सीतादही. त्याआधी एकही वेचणारीण वाकत नसे. आजा दरसाल शकुनच्याच हातात ते गाडगं द्यायचा.

आजा मेला आणि शकुनच्या काकाने, चंद्रभानने, मृत्युपत्र काढलं. सारी जमीन त्याची. पार्बताबाई अमरावतीच्या कचेरीत भांडायला गेली.

"अंगठा म्हाताऱ्याचाच ना?" साहेबाने विचारलं.

"त्याचाच जी. पन बुढा तवा बेसुद होता. अंगठा काय, पाय धरून टेकवला असता तरी ठसा उठला असता!"

कचेरी हसली. चंद्रभानचे साक्षीदार पगड्या बांधून आले होते. पार्बताबाईजवळ तोंड तेवढं होतं. वावर गेलं.

परतताना तिला खोकल्याची उबळ आली. रस्त्याकडेला बसून ती म्हणाली, "मी गेल्यावर कोनाच्या दारी राहशीन वं, पोरी?"

शकुनने तिला हात दिला. पार्बताबाई उठली ती घरी गेलीच नाही. थेट वेचणाऱ्या बायांच्या मुकादमिणीकडे, गंगूबाईकडे गेली.

"गंगे, त्या वावरात दही कोनं वाह्यलं आजलोक?"

"शकुननं."

"मंग यंदा दुसरीच्या दह्यावर वाकशीन?"

गंगूबाईने कानाला हात लावले. "सीतामायचं पाप कोन घेईन वं?"

वेचणीच्या सकाळी चंद्रभान बायकोला नटवून, तिच्या हाती गाडगं देऊन आला. बाया धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ठाण मांडून बसलेल्या.

"काहून बसल्या? उठा ना!"

"धनीन येऊ द्या," गंगूबाई म्हणाली.

"मंग हे कोन हाय?"

"हे तुमची बायको हाय, भाऊ. वावराची धनीन ते पाहा."

धुऱ्याच्या टोकाला पार्बताबाई उभी होती आणि तिच्याशेजारी आपलं गाडगं घेऊन शकुन. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तेवढ्यात वारं सुटलं. फुटलेला कापूस मातीत गळू लागला. दलालाच्या गाड्या वाटेवर खोळंबलेल्या.

आणि आता पुढचं ऐका. वारं असं भरारलं, की सारा कापूस उठून चंद्रभानलाच चिकटला. मिशीला, पगडीला, भुवयांना! बगळ्यासारखा पांढरा झाला गडी. त्याचेच बैल त्याला ओळखेनात, शिंगं रोखून धावले. तो पळत जाऊन शकुनच्या पायांवर पडला, "वाहा वं माय दही, वावर तुह्यंच!" शकुनने दही वाहिलं मात्र, बोंडं अशी तडतडली की परतवाड्याला लोकांना वाटलं कुठे लग्न आहे. पार्बताबाईचा खोकला त्याच घटकेला—

"खोटं!"

भिंतीशी बसून ही गोष्ट ऐकणारी, आता म्हातारी झालेली गंगूबाईच बोलली. सगळे तिच्याकडे वळले.

"दुपारलोक बसलो आमी. मंग चंद्रभाननं मजुरी दुप्पट केली. सगळ्यांत पयले मीच उतरली वावरात. पोट्टी गाडगं घेऊन उभीच. सांजीले आमी कमरेच्या कापसानं भरलेल्या ओट्या सोडल्या, तवाबी उभीच."

"अन् पार्बता?" कोणीतरी विचारलं.

"ते पोट्टीजवळ गेली. पोट्टीच्या हातातलं गाडगं घेतलं, अन् दहीभात आमालेच वाढला. दिसभराच्या उपाशी होतो ना आमी." गंगूबाईने पदराने तोंड पुसलं. "खाल्ला आमी."