महिपती गवंड्याचा ओळंबा

मी ओळंबा आहे. गवंड्याच्या दोरीला लोंबणारा पितळेचा गोळा. भिंत सरळ आहे की कलली, एवढंच सांगायला तांबटानं मला ओतलं. माझा पहिला धनी महिपती, कार्ल्याचा गवंडी. लोणावळ्यात तेव्हा मुंबईच्या शेटांचे बंगले उठत होते. महिपतीला दम खायला फुरसत नव्हती.

त्याची बायको बयाबाई तिथल्याच एका दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती. हुशार बाई, पण हाडांची नावं काही केल्या तिच्या डोक्यात राहत नव्हती. एका संध्याकाळी ती रडकुंडीला आली. "अवं, उद्या डॉक्टरीणबाई इचारणार. मला तर काय बी आठवंना."

महिपती हसला. खिशातून मला काढून त्यानं तिच्या पाठीशी धरलं. "कंबरंचं हाड म्हंजी जोतं. समदा भार त्याच्यावर. बरगड्या म्हंजी वासे. आन् ह्यो कणा. ह्यो एकसंध खांब न्हाई, इटंवर ईट रचलीया. मधी चुना, पर मऊ."

"कण्याच्या आतनं दोर जातो म्हंत्यात. त्याच्यावरच पाय हलत्यात."

"शेटच्या बंगल्यात इजेची तार नळीतनं नेत्यात, तशी. नळी पिचली की तार गेली."

"म्हनूनच!" ती एकदम म्हणाली. "पाठीवर पडलेल्याला हातपाय धरून उचलायचं न्हाई. आडवाच फळीवर घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं बरोबर सांगितलं. मग रोज जेवणं झाली की त्या दोघांचा हा खेळ चाले. गुडघा म्हणजे बिजागरी, कवटी म्हणजे घुमट. मी खुंटीवरून ऐकायचो. तेवढे सुखाचे दिवस मी नंतर पाहिले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात बांबूच्या परांचीची दोरी निसटली आणि महिपती पाठीवर खाली आला. मी त्याच्या मुठीतच होतो. तो शुद्धीवर होता. पायाचा अंगठा त्यानं हलवून पाहिला, हलला.

"मला उचलू नगा," तो म्हणाला. "फळी आना. बयाला बोलवा."

मुकादम ओरडला, "शेटची मोटार यायची येळ झाली! वाटंतनं उचला त्याला!"

भिमाजी, महिपतीचा जोडीदार, पार भेदरला होता. त्यानं काखेत हात घातले, दुसऱ्यानं पाय धरले. मधली कंबर खाली लोंबली. महिपती एकदाच किंचाळला.

बयाबाई धावत आली. तिनं त्याच्या तळव्याला चिमटा काढला. "कळतंय का?"

"न्हाई."

"अंगठा हलवा बघू."

तो अंगठ्याकडं बघत राहिला. "तार तुटली गं," तो म्हणाला.

त्यानंतर महिपती अंथरुणावरच राहिला. बयाबाई दवाखान्यातून येऊन त्याला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची. हाडांचा खेळ पुन्हा कुणी काढला नाही.

बऱ्याच दिवसांनी भिमाजी आला. उंबऱ्यातच बसला. मान वर होईना. "भाऊ, माझ्या हातनं झालं."

"तुला कुटं ठावं हुतं?" महिपती म्हणाला. "घरी बायकोसंग ह्या हाडांचं रोज बोलायचो. तू माझ्या शेजारी परांचीवर हुतास. तुला सांगायचं कधी सुचलंच न्हाई." मग त्यानं मला उशाखालून काढून भिमाजीच्या हातात दिलं. पावसाळा सरता सरता महिपती गेला.

आता लढाईचे दिवस आहेत. भिमाजी देहूरोडला लष्कराच्या गोदामांच्या भिंती चढवतो. माझ्यावर पोचे पडलेत, टोक झिजलंय. गड्यांना परांचीवर चढवण्याआधी तो पडलेल्याला कसं घ्यायचं ते दाखवतो. एकदा एक जण खरोखरच पडला. भिमाजी त्याच्यावर हात पसरून उभा राहिला, फळी येईपर्यंत साहेबालाही जवळ येऊ दिलं नाही. तो माणूस आज चालतो.

बयाबाई अजून लोणावळ्याच्या दवाखान्यात आहेत म्हणे. भिमाजी गाडीनं तिथवर जातो, फाटकापाशी उभा राहतो आणि आत न जाताच परततो. मला पाय नाहीत. तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणार असाल, तर त्या चालणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांच्या कानावर घाला.